खंबा चौकातली पाटी

आमच्या सेक्टरच्या तोंडाशी एक खंबा होता. होता म्हणायची अजून सवय झालेली नाही, आहे असंच तोंडात येतं. रुळांचे सहा तुकडे उभे करून एकमेकांना वेल्डिंगने जोडलेले, उंची साधारण दोन माणसांची, खाली सिमेंटचा चौथरा. बाकी काही नाही. दर दोन-तीन वर्षांनी त्याचा रंग बदलायचा. कधी चांदीचा, कधी हिरवा, एकदा तर कोणा हौशी माणसाने त्याला तिरंगी पट्टे मारले होते. भिलाईत चौकांना अशाच वस्तूंवरून नावं पडतात, तसं आमच्या चौकाला खंबा चौक हे नाव पडलं. ऑटोवाल्याला सेक्टरचा नंबर सांगितला तर तो दोनदा विचारतो, खंबा चौक म्हटलं की मुकाट्याने आणून सोडतो. मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा मी हाच पत्ता छापला होता.

माझे वडील वर्धेकडून इथल्या पोलादाच्या कारखान्यात क्लार्क म्हणून आले तेव्हा मी अंगावर पिणारा होतो. सात-आठ वर्षांचा झाल्यावर ते मला सायकलच्या दांड्यावर बसवून बाजारात न्यायचे. खंब्यापाशी आले की हँडलवरचा एक हात काढून छातीला लावायचे. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "या लोकायनं पहिला खड्डा खोदला. हे नसते तं आपन इथं नसतो." हे लोक म्हणजे आजूबाजूच्या खेड्यांतले, पाया खणायला आलेले छत्तीसगढी मजूर. काम संपल्यावर ते पांगले. मग ओतशाळेतल्या काही कामगारांनी आपल्या सुटीच्या दिवशी त्यांच्या नावांची एक बिडाची पाटी ओतली, रुळांचे तुकडे जमवले आणि हा खंबा उभा केला. कोणी उद्घाटन केलं नाही, कोणी भाषण ठोकलं नाही. एवढीच माहिती वडिलांनी दिली आणि तेवढ्याच भांडवलावर मी पुढची पन्नास-पंचावन्न वर्षं मिरवलो.

निवृत्त झाल्यावर तर फारच. सकाळचं फिरणं झालं की मी चौकातल्या बाकावर बसायचो. कॉलेजची पोरं-पोरी तिथे गाड्या लावायची, खंब्याला टेकून फोटो काढायची. मी हळूच विचारायचो, बेटा, ये खंबा किसका है? उत्तरं ऐकण्यासारखी असत. एकाने सांगितलं, पुराने जमाने का मोबाइल टॉवर. एक मुलगी म्हणाली, इथे आधी स्टेडियम असेल, त्याचा लाइटचा खांब आहे. एकाने सरळ माझ्याकडे पाहून म्हटलं, अंकल, गुगल पर तो नहीं आ रहा. म्हणजे गुगलवर नाही ते जगात नाही. ही उत्तरं मी मनात जपून ठेवायचो आणि आमच्या मराठी मंडळात सांगायचो. माणसं पोट धरून हसायची. एक मेच्या कार्यक्रमात दरवर्षी मला दहा मिनिटं देत. मी 'आजची पिढी आणि इतिहास' या विषयावर बोलत असे आणि दहाची पंचवीस मिनिटं करत असे. पुढच्या रांगेतले सगळे साठीच्या पलीकडचे, ते माना डोलवायचे. मागच्या रांगेतली मुलं मोबाइलमध्ये मान घालून बसायची, आणि मी त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणायचो, हे पाहा.

मुलगी-जावई नंदिनी नगरला, खाणीच्या कॉलनीत राहतात. नात कॉलेजसाठी आमच्याकडे असते. घरात मराठी बोलते, पण वाक्य मध्येच हिंदीच्या रुळावर घालते, आणि मी प्रत्येक वेळी तिला टोकतो. मागच्या पावसाळ्यानंतर तिला कॉलेजात एक प्रकल्प मिळाला, घराजवळच्या एखाद्या स्मारकाची माहिती लिहून आणायची. ती माझ्यासमोर वही घेऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, मले सांगा ना, आपला खंबा किसका है?"

मला फार राग आला. माझ्या घरात राहून, माझी भाषणं ऐकून, हिने हे विचारावं! मी तिला चांगलं झापलं. मग वडिलांचं वाक्य सांगितलं. तिने ते लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला, नावं कोणती? मी म्हटलं, पाटीवर आहेत. ती म्हणाली, पाटी नाही तिथे. मी म्हटलं, आहे. दोघं जाऊन पाहिलं. पाटी नव्हती. रुळांना जोडलेल्या पट्टीवर चार भोकं होती आणि ती रंगाच्या थरांनी बुजत आली होती. म्हणजे पाटी जाऊन कितीतरी वर्षं झाली असणार. मी रोज सकाळी तासभर त्या खंब्यासमोर बसत होतो.

नातीपुढे हार मानायची नव्हती. म्हटलं, चोरली असेल कोणी. आजकालची पोरं नशेपाण्यासाठी गटारावरची झाकणंसुद्धा नेऊन भंगारात घालतात. वहीत तिने लिहिलं, पाटी: चोरीला गेली, आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. ते प्रश्नचिन्ह मला खटकलं.

त्याच आठवड्यात खंब्यावर नोटीस चिकटली. चौक सुशोभित करायचा आहे, सदर लोखंडी खांब हटवण्यात येईल, कोणाचा दावा अथवा हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावं. खंब्याच्या जागी शहराच्या नावाची मोठमोठी दिव्यांची अक्षरं बसणार होती, लोकांना फोटो काढायला. मी त्याच दिवशी अर्ज लिहिला आणि नोटीस काढणाऱ्या ऑफिसात गेलो. टेबलामागे पंचविशीचा एक मुलगा होता. वागायला अगदी नम्र, त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग विचारलं, स्मारक कोणाचं आहे? कोणी बांधलं? कागदावर काही आहे का? मी म्हटलं, कागद नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. तो म्हणाला, "सबको मतलब किसको, अंकल? किसी एक का नाम दे दीजिए. जिनका स्मारक है, उनमें से एक का भी." मला एकही नाव सांगता आलं नाही. किती नावं होती तेही आठवत नव्हतं. वीस असतील, चाळीस असतील.

त्याच्यावर चिडायची सोय नव्हती, कारण तो माझंच काम करत होता. मी कारखान्याच्या स्टोअर्समध्ये नोकरी केली आणि शेवटची कितीतरी वर्षं भंगाराच्या यार्डात काढली. कारखान्यात ठिकठिकाणी लोखंडी वस्तू पडून राहतात, कशाच्या, कोणाच्या, ते कोणाला ठाऊक नसतं. अशा वस्तू यार्डात आणायच्या, सगळ्या विभागांना चिठ्ठी पाठवायची, पंधरा दिवस वाट पाहायची. कोणी धनी पुढे आला नाही की तिच्यावर पांढऱ्या रंगाची फुली मारायची. फुली मारलेला माल भट्टीत जातो आणि वितळून पुन्हा पोलाद होतो. या कामाला आम्ही सर्वे म्हणायचो. कागदावर तिघांच्या सह्या लागत, पण बाकीचे दोघं माझी सही पाहून सही करत. माझं यार्ड नेहमी साफ असायचं. साहेब लोक दुसऱ्यांना माझं उदाहरण देत. ऑफिसातल्या त्या मुलाने दिलेले पंधरा दिवस म्हणजे मी हजारो वस्तूंना दिलेले पंधरा दिवसच होते.

घरी येऊन मी बायकोपुढे सगळा राग काढला. तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती पावर हाउस नावाच्या भागातल्या बाजारातून भाजी घेऊन आली आणि पिशवी हातातच ठेवून म्हणाली, "अवो, मी त्या भाजीवालीले सांगितलं का खंबा काढून राहिले म्हनून, तं तिनं तराजूच खाली ठेवला. तिच्या बापाचं नाव होतं म्हने त्याच्यावर."

ही भाजीवाली माझ्या बायकोच्या वीस वर्षांच्या ओळखीची. कुम्हारीहून सकाळच्या बसने येते, स्टेशनच्या रस्त्याला गोणपाट अंथरून बसते, लाल भाजी, चेच भाजी, भाजीच्या मोसमाप्रमाणे जे असेल ते. वय माझ्याएवढंच, कदाचित दोन-चार वर्षं जास्त. मी तिच्या हातची भाजी वीस वर्षं खाल्ली आणि तिच्याशी एक शब्द बोललो नव्हतो.

आम्ही तिघंही गेलो. मी, बायको आणि वही घेऊन नात. तिने आमच्यासाठी गोणपाटाची एक बाजू झटकली. म्हणाली, "मोर ददा के नाँव रहिस ओमा." ददा म्हणजे वडील. पुढचं तिने गिऱ्हाईक सांभाळत, पाणी शिंपडत, तुकड्यातुकड्याने सांगितलं. वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पाटी लागली तेव्हा ओतशाळेतल्या एका माणसाने त्यांचं बोट धरून त्यांच्या नावावर ठेवलं आणि सांगितलं, हे तू. डाव्या रांगेत, खालून दुसरं. त्यानंतर बाजारच्या दिवशी ते मुलीला घेऊन खंब्यापाशी थांबायचे आणि तिचं बोट त्या नावावरून फिरवायचे. अक्षरं वर उठलेली होती. नाव खाली असल्यामुळे तिचा हात पुरायचा. वडिलांचं नाव आयुष्यात दुसरीकडे कुठे लिहिलेलं तिने पाहिलं नाही. जमिनीच्या कागदावर आजोबाचं होतं आणि जमीन गेली. घराच्या भिंतीवर कोणी नाव लिहीत नाही. वडील गेले तेव्हा फोटोही नव्हता.

नातीने तिला दाई, म्हणजे आई, अशी हाक मारून विचारलं, ते नाव कसं दिसायचं, आठवतं? म्हातारीने भाजीच्या जुड्या बाजूला सारल्या, ओल्या गोणपाटावर बोट टेकवलं आणि एक आकार काढला. मग दुसरा, मग तिसरा. वरची रेघ तिने सगळ्यात शेवटी ओढली, एकसंध. तिला अक्षर येत नाही, आजही अंगठा देते, पण तीन आकार तिने न चुकता काढले. नातीने वाकून वाचलं आणि नाव मोठ्याने उच्चारलं. म्हातारी म्हणाली, हव, म्हणजे हो. नातीने ते वहीत लिहिलं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. एकाचं लिहून बाकीच्यांना वगळायला माझा हात धजत नाही.

मग ती पाटीबद्दल सांगू लागली. एकदा एका ट्रकने मागे घेताना खंब्याला धक्का दिला आणि पाटीचा खालचा डावा कोपरा तुटला. बीड ठिसूळ असतं, वाकत नाही, तुटतं. तुकडा नेमका तिच्या वडिलांच्या नावाच्या खालून निघाला, नाव शाबूत राहिलं. ती तेव्हा लग्न होऊन कुम्हारीला गेली होती, पण बाजाराला आली की पाहून जायची. पुढे कधीतरी रंगवाले आले. त्यांनी पाटी काढली. तिने विचारलं तेव्हा म्हणाले, खराब होऊ नये म्हणून काढली, कारखान्याच्या यार्डात सांभाळून ठेवतील, मग परत लावतील. ती पाच-सहा वर्षं पाहत राहिली. मग पाहायचं सोडलं.

तुटका कोपरा म्हटल्याबरोबर मला माझं यार्ड आठवलं. मी तो कोपरा पाहिला होता.

तेव्हा मी नोकरीत होतो, मे महिना होता. यार्डात दुपारी उभं राहवत नव्हतं, लोखंडावरून झळा येत होत्या. सर्वेची यादी लांबलचक होती आणि मला ती त्या दिवशीच संपवायची होती, कारण दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे नागपूरला लग्नाला निघणार होतो. एका रॅकच्या मागे, भिंतीला लागून, एक चौकोनी जाड पाटी पालथी पडली होती. चार कोपऱ्यांपैकी तीन कोपऱ्यांत भोकं, चौथा कोपरा तुटलेला. पाठ खडबडीत, ओतकामाची असते तशी. यादीत लिहिलं होतं, प्लेट, बीड, एक नग, कोणत्या विभागाची ते माहीत नाही. चिठ्ठ्या गेल्या होत्या, पंधरा दिवस उलटले होते. बरोबरचा खलासी, म्हणजे हाताखालचा मजूर, रंगाचा डबा घेऊन उभा होता. तो माझ्यापेक्षा वयाने मोठा, गावाकडचा माणूस. त्याने विचारलं, "पलटाऊँ क्या, साहब? पीछे कुछ लिखा होगा." मी म्हटलं, रहने दो, बीड ही तो है. आणि त्याच्या हातातला लांब दांड्याचा ब्रश घेऊन मीच फुली मारली. वाकायलाही लागलं नाही.

आता कळतं की तो म्हणाला ते बरोबर उलटं होतं. आम्ही मागची बाजू पाहत होतो. लिहिलेली बाजू जमिनीकडे होती, आणि एका माणसाने पहारीचा एक टेकू दिला असता तर ती उलटली असती.

पावर हाउसच्या त्या रस्त्यावर मी गोणपाटावरून उठलो. बायकोने दोन जुड्या लाल भाजी घेतली आणि आम्ही घरी आलो. त्या दिवशी मी ताटातली भाजी तशीच ठेवली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, असं आमच्याकडे म्हणतात. मी ही म्हण भाषणात पुढाऱ्यांसाठी वापरत असे.

पंधरातले आठ दिवस उरले होते. मंडळातल्या एका जुन्या मित्राला मी सांगितलं की नावं मिळत नाहीत. पाटीचं नाही सांगितलं. तो म्हणाला, अरे, त्यात काय, एक नाव खरं आहे ना, त्याच्याखाली वीस-पंचवीस नावं लिहून टाक. छत्तीसगढी नावं काय, ऐकून ऐकून पाठ आहेत आपल्याला. कोण तपासायला बसलंय? त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं. खंबा वाचला असता. म्हातारीच्या बापाचं नाव कागदावर गेलं असतं, कदाचित नवी पाटीही लागली असती. मी खरंच कागद घेऊन बसलो आणि अकरा नावं लिहिली. बारावं लिहिताना लक्षात आलं की ही सगळी आमच्याकडे कामाला आलेल्या माळ्यांची, धोब्यांची, दूधवाल्यांची नावं होती. मला खोदणाऱ्यांपैकी एकही माणूस माहीत नव्हता, म्हणून जे हाताशी होते त्यांना मी खड्ड्यात उतरवत होतो. मी तो कागद फाडला. धैर्य वगैरे काही नव्हतं, किळस आली होती स्वतःची.

अर्ज नव्याने लिहिला, त्यात एकच नाव घातलं आणि ऑफिसातल्या त्याच मुलाला नेऊन दिला. त्या मुलाने वाचलं, मला वाटतं मनापासून वाचलं. म्हणाला, एका नावावर स्मारक सिद्ध होत नाही, आणि हे नावही सांगोवांगी आहे. वर पाठवतो, पण आशा ठेवू नका. मला पाटीबद्दल विचारलं असतं तर मी त्याला तरी सांगितलं असतं का, ते मला माहीत नाही. त्याने विचारलं नाही.

सोळाव्या दिवशी सकाळी फिरायला गेलो तर खंब्यावर पांढरी फुली होती. छातीच्या उंचीवर, ओली, दोन ओघळ खाली आलेले. मी बाकावर बसलो नाही. घरी येऊन नातीला सांगितलं. ती मला म्हणाली, "आजोबा, मी तिले घेऊन येते. एक बार तो देख ले." आणि गाडीला किक मारून पावर हाउसला निघून गेली. मी चौकात जाऊन थांबलो, तासाभराने नातीच्या गाडीमागोमाग आलेल्या ऑटोतून म्हातारी उतरली. भाजीचं टोपलं शेजारणीकडे ठेवून आली होती.

ती सरळ खंब्याकडे गेली. चार भोकांच्या मधली जागा शोधायला तिला वेळ लागला नाही. पण लहानपणी हात वर करायला लागायचा, आता तिला थोडं वाकावं लागलं. डाव्या बाजूला, खालून दुसऱ्या ओळीची जागा असेल तिथे तिने बोट टेकवलं आणि फिरवलं. तिथे गुळगुळीत रंग होता. मग तिने वरची फुली पाहिली आणि मला विचारलं, हे कसलं चिन्ह आहे.

मी सांगितलं, ज्याचा कोणी धनी नाही त्याच्यावर हे मारतात. आणि मग थांबता आलं नाही. पाटी यार्डात होती, पालथी होती, फुली मी मारली, माझ्या हाताने, हे सगळं मी तिला हिंदीत सांगितलं. शब्द अडखळत होते. नात बाजूला उभी होती, तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं. तिच्याकडे पाहायची मला हिंमत झाली नाही.

मला वाटलं म्हातारी रागावेल, शिव्या देईल. मला ते हवंच होतं. तिने फक्त विचारलं, "तुमन पढ़े रहेव का, बाबू?" तुम्ही वाचली होती का ती पाटी, कधीतरी, खंब्यावर होती तेव्हा?

वडिलांच्या सायकलवरून, मग माझ्या सायकलवरून, मग स्कूटरवरून मी त्या पाटीसमोरून किती वेळा गेलो असेन याला गणती नाही. मी मान हलवून नाही म्हटलं.

"मैं तो पढ़े नइ हँव," ती म्हणाली. "तभो ले चिन्हत रहेंव."

मी शिकलेली नाही, तरी ओळखत होते. एवढं बोलून तिने पदराने बोट पुसलं आणि ऑटोकडे गेली. बायकोने तिला चहाला बोलावलं होतं, पण ती थांबली नाही. तिची भाजी उन्हात होती.

दोन दिवसांनी गॅसकटर घेऊन माणसं आली. रूळ कापायला त्यांना अर्धा दिवस लागला. तुकडे ट्रकमध्ये टाकले आणि ट्रक कारखान्याच्या दिशेने गेला. तिथे काय होतं ते मला सांगायला नको. आता चौकात दिव्यांची अक्षरं आहेत, संध्याकाळी लाल-निळी होतात, आणि मुलं त्यांच्यापुढे उभी राहून फोटो काढतात. मी त्यांना काही विचारत नाही. या वर्षी मंडळात भाषण केलं नाही, तब्येतीचं कारण दिलं. भाजी बायको अजून तिथूनच आणते. म्हातारी तिच्याशी पूर्वीसारखीच बोलते, माझं नाव मात्र काढत नाही. ऑटोवाले अजूनही खंबा चौकच म्हणतात. आणखी दहा वर्षांनी कोणी विचारेल, इथे खंबा कुठे आहे, आणि ऑटोवाल्यालाही सांगता येणार नाही.

नातीचा प्रकल्प चार पानांचा झाला. तो द्यायच्या आदल्या दिवशी ती माझ्या खुर्चीपाशी आली. शेवटचं पान तिच्या हातात होतं, पण ती ते देत नव्हती.

"आजोबा, पाटीचं लिहू का? तुमी नाही म्हनाल तं नाही लिहीत. चोरीला गेली, तेच राहू देते."

लिही, म्हटलं. तिने माझ्यासमोर बसूनच लिहिलं, हिंदीत, कॉलेजात मराठी चालत नाही. मी तिला टोकलं नाही. खाली माहिती देणाऱ्याची सही लागत होती, म्हणून तिने पान आणि पेन माझ्या हातात दिलं. मी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचत गेलो. पाटी यार्डात कशी पडली होती, कोणी फुली मारली, खलासी काय म्हणाला होता, सगळं होतं. मला वाचायला वेळ लागला, ती थांबली. शेवटची ओळ वाचून झाल्यावर मी कागद उलटवून पाहिला. मागे काही लिहिलेलं नव्हतं. मग सही केली.